टोन कुठला लिहू?

गेल्या शनिवारची गोष्ट. जेवणं उरकली होती, मी टीव्हीसमोर पाय पसरून बसलो होतो आणि आमचं कन्यारत्न वही घेऊन समोर येऊन उभं राहिलं.

"बाबा, टोन कुठला लिहू?"

वाणी विचारतो ना, "गूळ कुठला देऊ, साधा की चिक्कीचा?", अगदी त्या थाटात. हातात शाळेतून मिळालेला एक छापील कागद होता. त्यावर चार रकान्यांत इंग्रजी विशेषणं, एबीसीडीच्या क्रमानं. ॲडमायरिंग, आयरॉनिक, मेलंकली, नॉस्टॅल्जिक वगैरे वगैरे. शंभरेक तरी असतील. कवितेचं किंवा उताऱ्याचं 'विश्लेषण' करायचं म्हणजे ह्या यादीतलं एक विशेषण उचलायचं, पुरावा म्हणून मजकुरातला एखादा शब्द त्याला चिकटवायचा आणि शेवटी 'ह्यामुळे वाचकावर खोल परिणाम होतो' असं लिहून मोकळं व्हायचं.

कविता होती रॉबर्ट फ्रॉस्टची 'द रोड नॉट टेकन'. केंद्रीय बोर्डाच्या नववीच्या 'बीहाइव्ह' ह्या पुस्तकात ती अनेक वर्षं होती, त्यामुळे बऱ्याच जणांना आठवत असेल. जंगलात रस्त्याला दोन फाटे फुटतात, प्रवासी एक निवडतो, तीच ती. आमच्या हापिसातल्या एका मीटिंग रूममध्ये तिचं पोस्टरच लावलंय. धुक्यातला रस्ता, पिवळी पानं आणि खाली शेवटच्या ओळी. जगापेक्षा वेगळा मार्ग निवडा, यशस्वी व्हा, इत्यादी इत्यादी. मी पोस्टर आठवलं आणि म्हणालो, "इन्स्पिरेशनल लिही आणि झोप."

गुरुवारी वही परत आली. पाचपैकी दोन. बाईंनी लाल शाईत एकच प्रश्न विचारला होता: 'मग तो शेवटी उसासा का टाकतो?'

"बाबा, तुझ्यामुळे तीन मार्क गेले."

तर मंडळी, हा वीकांताचा लेख म्हणजे त्या तीन मार्कांचं प्रायश्चित्त समजा.

शुक्रवारी रात्री ती कविता मी पोस्टर बाजूला ठेवून नीट वाचली. आणि खरं सांगतो, लाज वाटली. प्रवासी आधी म्हणतो की दुसरी वाट जरा कमी वापरातली दिसली. पण लगेच पुढे स्वतःच कबूल करतो की तसं बघितलं तर दोन्ही वाटा सारख्याच झिजलेल्या होत्या. त्या सकाळी दोन्हींवर पानंही सारखीच पडलेली होती, कोणी न तुडवलेली. म्हणजे 'कमी मळलेली वाट' अशी काही भानगड तिथे नव्हतीच! आणि शेवटचं कडवं तर भविष्यकाळात आहे. पुष्कळ वर्षांनी मी हे उसासा टाकून सांगत असेन की मी कमी मळलेली वाट धरली आणि त्यानंच सगळा फरक पडला, असं तो म्हणतो. म्हणजे आपण पुढे काय बाता मारणार आहोत हे ह्या माणसाला आजच ठाऊक आहे. पोस्टरवाल्यांनी फक्त बाता तेवढ्या उचलल्या आणि कबुली मागे ठेवली.

ह्या कवितेमागची हकिकतही मजेशीर आहे. फ्रॉस्ट हा अमेरिकन माणूस 1912 साली बायकापोरांसकट इंग्लंडला गेला आणि 1915 मध्ये परतला. तिथे त्याची एडवर्ड थॉमस ह्या इंग्रज समीक्षकाशी जिवाभावाची मैत्री झाली. दोघं ग्लॉस्टरशायरमध्ये रानोमाळ भटकायचे. थॉमसला एक खोड होती. एका वाटेनं फिरून आलं की हा हळहळणार, दुसरीकडून गेलो असतो तर तुला अमुक फूल दाखवता आलं असतं. फ्रॉस्टनं मित्राच्या ह्या खोडीची थट्टा म्हणून कविता लिहिली आणि त्याला पाठवली. आणि गंमत बघा, थॉमसला थट्टा कळलीच नाही. कळली तेव्हा त्यानं फ्रॉस्टला लिहिलं की हसायचं कुठल्या प्रकारे हे तूच सांगितलं नाहीस तर ह्यातली मजा कोणालाही दिसणार नाही. कविता ऑगस्ट 1915 मध्ये 'द अटलांटिक मंथली'त छापून आली. थॉमस त्याच उन्हाळ्यात सैन्यात भरती झाला आणि 9 एप्रिल 1917 रोजी फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत मारला गेला. थट्टा म्हणून लिहिलेली ओळ त्यानंतर वाचली की घशाशी येते, ते वेगळंच.

आता एडवर्ड थॉमससारखा पट्टीचा समीक्षक, तोही इंग्रज, तोही खुद्द कवीचा मित्र, जर सूर चुकला असेल, तर आमच्या नववीतल्या पोरीनं विशेषण चुकवलं ह्यात काय मोठंसं! माझा आक्षेप चुकण्याबद्दल नाहीच आहे. आक्षेप आहे तो त्या चार रकान्यांच्या कागदाबद्दल. कारण तो कागद मी आधी कुठेतरी पाहिला होता.

कुठे? तर माझ्याच कोडमध्ये.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका ऑनलाइन दुकानासाठी गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचणारा प्रोग्राम लिहिला होता. गिऱ्हाईक खूश आहे की चिडलंय, एवढंच सांगायचं. पद्धत अगदी बाळबोध होती. चांगल्या शब्दांची एक यादी, वाईट शब्दांची एक यादी. चांगला शब्द दिसला की अधिक एक, वाईट दिसला की उणे एक. शब्दाआधी 'नॉट' आलं तर चिन्ह उलटं. शेवटी बेरीज. डेमोला फर्स्ट क्लास चाललं! मग खऱ्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय आले. एकानं लिहिलं होतं, "ग्रेट! तिसऱ्यांदा चुकीचा साइज. अमेझिंग सर्व्हिस!" आमचा प्रोग्राम म्हणाला, दोन चांगले शब्द, एक वाईट, बेरीज अधिक एक. गिऱ्हाईक समाधानी.

आता ह्या वाक्यातली खोच कुठल्या शब्दात आहे? 'ग्रेट'मध्ये नाही, 'अमेझिंग'मध्येही नाही. 'तिसऱ्यांदा' आणि 'ग्रेट' एकमेकांशेजारी आले, तिथे आहे. सूर शब्दात सापडत नाही. दोन शब्दांच्या मधल्या जागेत सापडतो, आणि ती जागा यादीत मावत नाही. आम्ही तो शब्द मोजण्याचा मार्ग केव्हाच सोडून दिला. हल्लीची भाषेची मॉडेल्स शब्द आजूबाजूच्या मजकुरासकट बघतात, त्यामुळे त्यांना असला उपरोध पुष्कळदा कळतो. म्हणजे यंत्रांना यादीतून बाहेर काढलं आम्ही, आणि पोरांना मात्र त्याच यादीत कोंबतोय. आहे की नाही मजा?

आणि हे काही आजचं शहाणपण नव्हे. केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते. ते विद्यार्थ्यांना कवितांचे कागद वाटायचे, पण त्यावर कवीचं नाव नसायचं. मग पोरांनी काय काय लिहून दिलं त्यावर त्यांनी 1929 साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक काढलं. शिकलीसवरलेली पोरं कविता किती वेड्यावाकड्या वाचतात ह्याचा तो पंचनामाच आहे. त्यात त्यांनी अर्थाचे चार पदर सांगितले. काय म्हटलंय, विषयाबद्दल काय वाटतंय, समोरच्या माणसाला कसं वागवलंय आणि हे सगळं कशासाठी चाललंय. ह्यातल्या तिसऱ्या पदराला त्यांनी 'टोन' म्हटलंय! बोलणाऱ्याचा ऐकणाऱ्याशी असलेला पवित्रा. आता शाळेत 'टोन म्हणजे लेखकाचा विषयाकडे बघण्याचा दृष्टिकोन' एवढंच घोकून घेतात. ते चूक आहे असं नाही, पण त्यात ऐकणारा माणूसच गायब होतो. आणि ऐकणारा गायब झाला की सूर कसा कळणार? टोमणा मारायलासुद्धा समोर कोणीतरी लागतं ना!

इथे मला वाटतं आपल्या मराठी मुलांकडे एक मोठं भांडवल आहे, आणि इंग्रजीच्या तासाला ते वर्गाबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायला लावतात.

बघा, आपण सुराच्या बाबतीत किती तयार असतो. 'तो आजारी आहे' आणि 'तो आजारी आहे म्हणे'. एक 'म्हणे' जोडला की आजारावरच संशय. 'तू आलास' आणि 'तू आलासच'. 'बस', 'बस की', 'बस ना', 'बस हं'. चारही वाक्यांचा शब्दकोशातला अर्थ एकच, पण पाच वर्षांच्या पोरालाही कळतं की ह्यातलं कुठलं ऐकलं नाही तर धपाटा बसेल. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' ह्यांच्यात तर अख्खं नातं मोजलं जातं. भांडणात अचानक बायको 'आपलं काय म्हणणं आहे?' असं विचारू लागली, की मान वाढलाय अशी समजूत करून घेणारा नवरा मी अजून बघितला नाही.

किंवा मरणासारखी गोष्ट घ्या. मेला, गेला, वारला, देवाज्ञा झाली, निधन झालं, खपला, गचकला. घटना एकच. पण कुठला शब्द वर्तमानपत्रात, कुठला सुतकाच्या घरी आणि कुठला कट्ट्यावर, हे आपल्याला कोणी यादी देऊन शिकवलं नाही.

पुण्यातल्या पाट्या हा तर आपला खास अभ्यासक्रम. 'बेल एकदाच वाजवावी. घरातील माणसे बहिरी नाहीत.' ह्याचं जरा इंग्रजीच्या तासाला करतात तसं विश्लेषण करून बघा. 'वाजवावी' हे क्रियापद अगदी अदबीचं, सरकारी पत्रात शोभेल असं. कुठेही शिवी नाही, आरडाओरडा नाही. पहिल्या वाक्यात सूचना, दुसऱ्यात माहिती. आणि तरीही वाचणाऱ्याचा कान पकडलेला आहे. सूर कुठून आला? व्याकरणाच्या अदबीत आणि मजकुराच्या फटक्यात जे अंतर आहे, तिथून.

हे ज्याला कळतं त्याला जोनाथन स्विफ्ट कळायला काय हरकत आहे? स्विफ्टनं 1729 साली 'अ मॉडेस्ट प्रपोजल' नावाचा निबंध लिहिला, आणि इंग्रजीच्या वर्गात उपरोध शिकवताना तो हमखास काढतात. आयर्लंडमधल्या गरिबीवर निबंधातला गृहस्थ एक 'नम्र सूचना' करतो. काय, तर गरिबांची मुलं वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटासाठी विकावीत. आणि हे सांगताना आवाज कसा, तर बजेट वाचून दाखवणाऱ्या कारकुनाचा. एकूण 1,20,000 मुलं, त्यातली 20,000 पैदाशीसाठी राखावीत, बाकीची 1,00,000 विक्रीला. आयांबद्दल बोलताना तो गुराढोरांसाठी वापरतात तसले शब्द वापरतो आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही. निबंधात एक आवाज त्या गृहस्थाचा आहे, थंड आणि हिशेबी. त्याच्या पाठीमागे दुसरा आवाज स्विफ्टचा, संतापानं धुमसणारा. यादीतून एकच शब्द उचलायचा म्हटलं तर कोणाचा उचलणार? 'लॉजिकल' लिहिलं तरी खरं आणि 'फ्युरियस' लिहिलं तरी खरं! उत्तर त्या दोघांमधल्या अंतरात आहे. पुन्हा ती पाटीवालीच युक्ती.

मग अडतं कुठे? माझ्या मते भाषांतरात अडतं. आपण इंग्रजी शिकतो ते अर्थ लावत. ह्या शब्दाचा अर्थ हा, त्या वाक्याचा अर्थ तो. अर्थ हाताला लागला की काम झालं. आणि इंग्रजीत 'म्हणे' नाही, 'च' नाही, 'तुम्ही-आपण' नाही, सगळ्यांना एकच 'यू'. त्यामुळे आपल्याला वाटतं की ह्या भाषेला सूरच नाही, नुसता सपाट मजकूर आहे. असं अर्थातच नसतं. तो सूर फक्त दुसऱ्या खिशात ठेवलेला असतो.

एक खिसा म्हणजे शब्दांचे थर. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि पुढे इंग्रजीत घरच्या शब्दांवर फ्रेंच शब्दांचा थर चढला. त्यावर विद्वानांनी लॅटिन ओतलं. म्हणून 'आस्क' म्हणजे घरातलं विचारणं, 'क्वेश्चन' म्हणजे जरा चौकशी, आणि 'इंटरॉगेट' म्हटलं की डोळ्यावर दिवा मारलेला फौजदारच दिसतो. आपल्याकडे विचारणं आणि पृच्छा करणं ह्यात जे अंतर आहे, तसंच हे. दुसरा खिसा म्हणजे क्रियापदांच्या आधी येणारे 'मे', 'माइट', 'कुड', 'शुड'. तिसरा, कर्ता लपवणारी वाक्यं. 'चूक झाली' आणि 'मी चूक केली' ह्यातला फरक आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार! चौथा, वाक्याची लांबी. लांबलचक वाक्यांच्या रांगेत अचानक तीन शब्दांचं वाक्य आलं, की समजावं इथे काहीतरी आपटलं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, तीन मार्कांचा तर प्रश्न. मीही हेच म्हणालो असतो. पण मला ह्याची किंमत मोजायला लागली आहे. खरं तर मी कमी मोजली, दुसऱ्यांनी जास्त.

पूर्वीच्या एका नोकरीत मी सहा जणांची टीम सांभाळत होतो. ग्राहक इंग्लंडमधला. दर शुक्रवारी डेमो, आणि सोमवारी तिकडच्या बाईंची मेल. मेलमध्ये असायचं, काम 'क्वाइट गुड' आहे. मी वाचायचो, 'खूपच छान'. तुमची पद्धत 'इंटरेस्टिंग' आहे. मी वाचायचो, 'रंजक'. ह्या भागाचा तुम्हाला कदाचित पुन्हा विचार करावासा वाटेल. मी वाचायचो, वाटलं तर करू, नाही तर राहू दे! वरिष्ठांच्या रिपोर्टमध्ये मी दर आठवड्याला हिरवा रंग भरत होतो. टीमला सांगत होतो, क्लायंट खूश आहे.

तीन महिन्यांनी कंत्राट संपलं आणि त्यांनी ते वाढवलं नाही. टीममधल्या एका मुलाचं लग्न ठरलं होतं, घरासाठी कर्जाची बोलणी चालू होती. तो माझ्या केबिनमध्ये येऊन एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही तर म्हणाला होता सगळं छान चाललंय." मला उत्तर सुचलं नाही. तो पुढे दोन महिने बेंचवर बसला आणि मग त्याला नोकरी सोडायला लागली.

नंतर एका रविवारी मी त्या सगळ्या मेल पहिल्यापासून ओळीनं वाचून काढल्या. सगळं तिथे होतं हो! इंग्रज माणसाचं 'क्वाइट गुड' म्हणजे बहुतेक वेळा 'ठीक आहे, चालेल' ह्यापलीकडे जात नाही, हे मला तोवर कळलेलं होतं. पण त्याहून सरळ पुरावे होते, ज्यांना इंग्लंडची हवाही लागायला नको. पहिल्या महिन्यात बाई 'वी' लिहीत होत्या. आपण हे करू, आपल्याला हे लागेल. दुसऱ्या महिन्यापासून ते 'युअर टीम' झालं. पहिल्या मेलच्या शेवटी 'चीअर्स' होतं, शेवटच्या पाच मेलखाली 'रिगार्ड्स'. आपल्याकडे मामेभाऊ अचानक 'तुम्ही' म्हणायला लागला तर आपण त्याच दिवशी आईला फोन करून विचारतो, काय बिनसलंय? इथे माणूस 'आपण'वरून 'तुमची टीम'वर गेला आणि मला पत्ता नाही. इंग्रजी मला येत होतं. शब्दन् शब्दाचा अर्थ कळत होता. कान मात्र मी घरी ठेवून आलो होतो.

म्हणून म्हणतो, यादी आधी देऊ नका.

आधी विचारा, कोण बोलतंय आणि कोणाशी? नुसतं लेखकाचं नाव नको. कवितेतला प्रवासी, निबंधातला तो गृहस्थ, कोण आहे तो आणि समोरच्याला काय समजतोय? मग विचारा, ह्या शब्दाऐवजी दुसरा काय आला असता? फ्रॉस्टच्या प्रवाशानं उसासा न टाकता हसत हसत सांगितलं असतं तर? शब्द बदलून बघितला की मूळ शब्दाचं वजन आपोआप कळतं. आम्ही कोडमधली चूक शोधताना हेच करतो, एक ओळ बदलायची आणि काय फरक पडतो ते बघायचं. मग बघा, सूर कुठे वळतो? 'पण', 'तरी', 'खरं तर' अशी वळणं, सर्वनामं बदललेली जागा, एकदम आखूड झालेलं वाक्य. आणि हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, यादी उघडा. तेव्हा ती उपयोगी आहे, मी नाही म्हणत नाही. ऐकलेल्या गोष्टीला नाव द्यायला शब्द लागतातच. आणि एक शब्द पुरला नाही तर दोन घ्या. 'थट्टेखोर, पण आतून हळहळणारा' असं लिहायला कुठल्या बोर्डाची बंदी आहे?

ह्यावर दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, वर्गात पंचेचाळीस पोरं, परीक्षेला तीन तास, असले लाड कोण करणार? मान्य. शिक्षकांवरचा बोजा मी नाकारत नाही, आणि आमच्या बाईंनी पंचेचाळीस वह्यांतून नेमका तो एक प्रश्न लिहिला ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण यादी घोकायलाही वेळ लागतोच की. शिवाय यादीतून विशेषण उचलून पुरावा चिकटवण्याचं काम आता यंत्र चुटकीसरशी करून देतं, आणि पोरांना ते ठाऊक आहे. जे यंत्राकडून फुकट मिळतं ते घोकण्यात त्यांची वर्षं घालवायची का?

दुसरा आक्षेप, इंग्रजी ही आपली भाषा नाही, तिचा कान कुठून आणायचा? कान नवीन आणायचा नाहीच आहे. आहे तोच वापरायचाय. वाक्य इंग्रजी असू दे, पण 'हे कोणी, कोणाला, कुठल्या तोंडानं म्हटलं असेल?' हा प्रश्न मराठीतून विचारला तरी चालतो. किंबहुना मराठीतूनच विचारावा. तेच वाक्य आजीच्या तोंडी घालून बघा, आत्याच्या तोंडी घालून बघा, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या तोंडी घालून बघा. कोणाच्या तोंडी बसतं ते कळलं की निम्मं काम झालं.

फ्रॉस्टचंच एक म्हणणं आहे. 1913 साली त्यानं एका मित्राला पत्रात लिहिलं होतं की बंद दारामागून येणारं बोलणं ऐका. शब्द कळत नाहीत, पण वाक्याचा नाद कळतो, आणि त्या नादातच अर्थाचा मोठा भाग असतो. हे वाचलं आणि मला हसू आलं. कारण काल रात्री आतल्या खोलीत मायलेकींचं काहीतरी चाललं होतं, दार बंद. एक शब्द ऐकू येत नव्हता. पण आधी तक्रार, मग समजूत, मग एकदम कुजबुज आणि हसणं. विषय मीच होतो, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही!

आज सकाळी कन्येनं उत्तर पुन्हा लिहिलं. मार्क वाढणार नाहीत, बाईंनी तसं सांगितलंय. तिनं लिहिलंय की हा माणूस स्वतःलाच फसवणार आहे आणि ते त्याला आधीच ठाऊक आहे, म्हणून तो उसासा टाकतो. मी विचारलं, "मग टोन कुठला?" तर म्हणाली, "आजोबा त्यांच्या नोकरीच्या गोष्टी सांगतात ना, तसला. यादीत नाहीये."

मीटिंग रूममधल्या त्या पोस्टरकडे सोमवारी नीट बघायचं ठरवलंय. असो. बघा, तुम्हाला पटतंय का.